बाराच्या खेळाचा रेवप्पा

रेवप्पाने माझे जितके सिनेमे नासवले, तितकं दूध आमच्या घरी सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा नासलं नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टॉकीज होतं. रेवप्पा तिथे डोअरकीपर होता. डोअरकीपरचं काम काय असतं? तिकीट घ्यायचं, अर्धं फाडायचं, अर्धं परत द्यायचं आणि बॅटरी दाखवून माणसाला बाकड्यापर्यंत पोचवायचं. रेवप्पा हे सगळं करायचाच, पण तिकीट फाडता फाडता सिनेमाचा शेवटही सांगून टाकायचा. अर्धं तिकीट माझ्या हातात आणि अख्खा शेवट माझ्या कानात.

"या बाई, या. बसा निवांत. धाकला भाऊच खुनी हाय."

रहस्यपट बघायला म्हणून मी पंधरा दिवस मनाची तयारी केलेली असायची. शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासून, स्वयंपाक उरकून, धावतपळत गेलेली असायची. आणि दारातच हा लांबोडका माणूस, खाकी कोटाची बटणं नसलेली दोन टोकं एका हाताने धरून, माझ्या उत्साहावर पाणी ओतायचा. मी चिडले की म्हणायचा, "जिवाला घोर नको म्हणून सांगतोय की. आता कसं, निवांत बगा."

त्याचा हा निवांतपणा सगळ्या गावाने सोसला. आमचे हेडमास्तर एकदा सासुरवाडीची मंडळी घेऊन आले होते. रेवप्पाने त्यांना सांगितलं, "सायेब, हिरॉईन शेवटाला इहिरीत उडी मारती. पोरींना रुमाल द्या." हेडमास्तर संतापून तिकिटाचे पैसे परत मागू लागले. रेवप्पा शांतपणे म्हणाला, "शेवट तर कळला की तुमाला. मग पैसे कशाचे परत?" हेडमास्तरांना व्याकरण येत होतं, तर्कशास्त्र येत होतं, पण ते खिशातला रुमाल चाचपत आत जाऊन बसले.

देवाच्या सिनेमालाही त्याने सोडलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या आक्का टॉकीजच्या पायरीवर चपला काढून, हात जोडून आत निघाल्या होत्या. रेवप्पा म्हणाला, "आक्का, देव इंटरवलनंतर येतोय. तंवर जाऊन दळण आणा."

यातली खरी गंमत अशी की, या गृहस्थाने एकही सिनेमा सलग बघितलेला नव्हता. सुरुवातीला लोकांना जागेवर बसवताना थोडा बघायचा आणि शेवटी दारं उघडायला आला की थोडा बघायचा. मधल्या वेळात तो पायऱ्यांवर सायकली राखत बसलेला असे, किंवा भिंतीला टेकून घोरत असे. "मधलं काय म्हाईत न्हाई बगा," असं तो स्वतःच सांगायचा, आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

टॉकीजमध्ये भागत नसे म्हणून की काय, गल्लीतही त्याचा हा उद्योग चालू असे. कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे आले, पोह्यांच्या बशा अजून फिरताहेत, तोच समोरच्या ओट्यावरून आवाज यायचा, "जमत न्हाई ह्ये." जमलेलं मोडलं तर लोक त्याला शिव्या द्यायचे आणि मोडायचं ते जमलं तरी द्यायचे. माणूस एकटा, मागेपुढे कुणी नाही, त्यामुळे तोंडाला लगाम घालायलाही घरात कुणी नव्हतं. माझ्या मते सोलापुरात दोनच गोष्टींपासून सुटका नव्हती, एक धूळ आणि दुसरा रेवप्पा.

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे त्यासाठी गिरणीतली एक रीत तुम्हाला ठाऊक हवी.

गिरणीत कायम कामगार असत तसे बदली कामगारही असत. बदलीवाल्याने रोज सकाळी भोंग्याच्या आधी डबा घेऊन फाटकाशी उभं राहायचं. कायमवाला कुणी आला नाही तर याला आत घ्यायचे. सगळे आले तर याला परत पाठवायचे. त्या वर्षी गिरणीने एक पाळीच बंद केली आणि बदलीवाल्यांना आत घेणं जवळजवळ थांबलं. तरी हे लोक रोज डबा घेऊन जायचे. आणि काम मिळालं नाही तरी भरलेला डबा घरी न्यायचा नाही, हा त्यांच्यातला कुणी न लिहिलेला कायदा होता. भरला डबा परत आला की बायकोला कळतं, पोरांना कळतं, ओट्यावर बसलेल्या शेजारणीला तर त्याच्या हातातल्या पिशवीच्या वजनावरून कळतं. म्हणून डबा बाहेरच कुठेतरी संपवायचा, दिवस कसातरी ढकलायचा आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचं.

आमच्या गल्लीतला सिद्राम अशा बदलीवाल्यांपैकी एक. मागावर काम करणारा, मानी, अबोल माणूस. दिवाळीपासून त्याला आत घेतलेलं नव्हतं. बायकोला, अंबूला, त्याने हे सांगितलं नव्हतं. दुपार कलल्यावर बाजारात पोती उचलायचा आणि तेच पगार म्हणून घरी द्यायचा. आणि दुपारी तो असायचा रेवप्पाच्या टॉकीजमध्ये. बाराच्या खेळाला पिटातली, म्हणजे पडद्यासमोरच्या सगळ्यात स्वस्त जागेतली, बाकडी रिकामीच असत. रेवप्पा अशा पाच-सहा बदलीवाल्यांना खेळ सुरू होऊन अंधार झाल्यावर मागच्या दाराने आत घ्यायचा. घेताना शिव्या द्यायचा. "शिरा बे आत. तंबाखू थुंकाल तर मुंडी मुरगाळीन."

सिद्रामने त्याला बजावून ठेवलं होतं, "घरात कळलं तर मी हितं ऱ्हाणार न्हाई. कुर्डुवाडीला जाईन अन् मिळंल ती गाडी धरीन." ही नुसती धमकी नव्हती. पलीकडच्या गल्लीतले दोघेजण असेच एक दिवस डबा घेऊन निघाले होते ते परत आले नव्हते. एकाची बायको अजून कुंकू लावावं की पुसावं या फेऱ्यात होती.

यातलं मला त्या दिवशी काहीही ठाऊक नव्हतं, सगळं मागाहून कळलं. तुम्हाला मात्र आधीच सांगून ठेवते आहे. रेवप्पाच्या संगतीचा गुण, दुसरं काय.

तर त्या सुमारास टॉकीजला एक सिनेमा लागला. नाव सांगत नाही, निर्मात्याचं आधीच पुष्कळ नुकसान झालं आहे. गोष्ट गिरणी कामगाराची. गिरणी बंद पडते, हिरोचं काम जातं आणि घराची दशा होते. आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्याची फार वाहवा चालली होती. "काय दाहक वास्तव!" असं चित्रकलेचे मास्तर म्हणाले. त्यांची नोकरी कायम होती.

वास्तव कसं होतं ते सांगते. हिरॉईनचं लुगडं फाटलेलं होतं, पण त्याला इस्त्री होती. दोन दिवसांच्या उपाशी पोराचे गाल डाळिंबासारखे होते. काम गेल्याबरोबर हिरो दाढी वाढवतो आणि टेकडीवर जाऊन गाणं म्हणतो. सोलापुरात टेकडी नाही, नाहीतर आमच्याकडच्या लोकांनीही काहीतरी म्हटलं असतं. ज्यांच्यावर सिनेमा काढला होता ते गिरणीवाले पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडे पाठ फिरवून मोकळे झाले. "घरात फुकट चालू हाय की," असं म्हणाले.

मी बघायला गेले, कारण नावं ठेवायची तर बघायला हवा. आमचे हे रेल्वेत, कुर्डुवाडीला, रविवारी यायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपार मोकळी, बाराचा खेळ गाठता यायचा. मी गल्लीतल्या दोघीतिघींना विचारलं. अंबूला सहज म्हणून विचारलं, कारण ती कधीच कुठे येत नसे. ती लगेच म्हणाली, "येते की बाई." मला नवल वाटलं.

दारात रेवप्पा होताच. मी कान गच्च करूनच पुढे झाले. त्याने माझ्या मागे अंबूला बघितलं आणि त्याचा हात तिकिटावरच थांबला. मग त्याने सगळी तिकिटं मुकाट्याने फाडली आणि आम्हाला आत सोडलं. एक शब्द नाही!

"काय रेवप्पा, आज शेवट विसरलात वाटतं?" मी टोमणा मारला.

"बसा, बसा. सुरू झालंय," एवढंच म्हणाला. माझ्या आजवरच्या बोलण्याचा परिणाम झाला, असं मला वाटलं आणि मी खुशीत जाऊन बसले.

बायकांची बाकडी एका बाजूला, जरा उंचावर, लाकडी कठड्याआड होती. कठड्याखाली पिट. अंधारात पिट दिसत नसे, पण दिवे लागले की तिथला प्रत्येक चेहरा दिसायचा.

सिनेमा चालला होता. मध्यंतराच्या जरा आधी तो प्रसंग आला, ज्यासाठी म्हणे पुण्याला बायका हुंदके देऊन रडल्या होत्या. घरात दाणा नाही. पोरगं म्हणतं, आई, भूक लागली. आई त्याला पाण्याचा पेला देते आणि म्हणते, भाकरी उद्या हं बाळा. सारंगी थांबते. टॉकीजमध्ये चिटपाखराचाही आवाज नाही.

आणि खालून पिटातून आवाज आला, कडाम!

आमच्याकडची कडक भाकरी ज्यांनी खाल्ली नसेल त्यांना सांगायला हवं. ज्वारीची पातळ भाकरी, पापडासारखी वाळवून कडक केलेली. आठ-आठ दिवस टिकते आणि मोडताना कौल फुटल्यासारखी वाजते. सोबत शेंगाची चटणी. गिरणीवाल्यांच्या डब्यात हेच असायचं. एक कडाम झालं, मागोमाग दुसरं झालं, मग पाच-सहा जणांनी मिळून जी काही कुडुमकुडुम सुरू केली ती त्या पोराच्या उपासमारीत चांगलीच घुमली. वर लसणाचा वास आला. पडद्यावर आई टिपं गाळते आहे आणि खाली पंगत बसली आहे.

कुणीतरी ओरडलं, "आरं, त्या पोराला एक तुकडा द्या की!"

"खाली ये म्हणावं, देतो!" पिटातून उत्तर आलं.

सगळं टॉकीज हसायला लागलं. मी तर पदराचा बोळा तोंडात कोंबून हसले. पैसे वसूल झाले. एक अंबू तेवढी हसत नव्हती. ती कठड्यावर कोपरं टेकून, मान पुढे काढून खालच्या अंधाराकडे बघत होती.

मध्यंतर झालं. पडदा पांढरा झाला आणि विझला. दिवे लावायचं बटण दाराशी होतं आणि ते दाबायचं काम रेवप्पाचं. दिवे लागलेच नाहीत. त्याऐवजी रेवप्पा बायकांच्या बाकड्यांसमोर, कठड्याला पाठ लावून, अंबूच्या नेमका पुढ्यात येऊन उभा राहिला आणि त्याने बॅटरीचा झोत सरळ आमच्या डोळ्यांत मारला.

"ऐका," तो ओरडला, "शेवटाला मालकाला पश्चात्ताप व्हतोय अन् मिल उगडती!"

"अहो, बॅटरी खाली करा!" मी डोळ्यांवर हात धरून किंचाळले.

"हिरो घर सोडून जातंय. बायको हुडकत टेसनावर जाती." तो थांबेचना. शेवट सांगून झाला तरी थांबेना. मग त्याने मधलं सांगायला घेतलं, जे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यात एक बैल आला, कोर्ट आलं, हिरोचा हरवलेला मामा आला. अंबू सोडून बाकी एकेका बाईच्या तोंडावर बॅटरी फिरवत तो घसा फोडून सांगत होता. खालून लोक ओरडायला लागले, "दिवे लाव की बे रेवप्पा!" त्यांना म्हणाला, "बल गेलाय!" टॉकीजचे सगळेच्या सगळे बल एकदम गेले होते!

मी त्या अंधारात उभी राहून त्याला जे काही बोलले, ते शाळेतल्या मुलांनी ऐकलं असतं तर माझा धाक संपला असता. मॅनेजरकडे तक्रार करीन, असंही म्हणाले. तो बॅटरी हलवत बैलाची गोष्ट सांगत राहिला, ती सिनेमा पुन्हा सुरू होईपर्यंत.

शेवट त्याने सांगितला तसाच झाला. एका भाषणात मालकाचं हृदय पालटलं आणि सगळ्यांनी त्याला हार घातले. त्याच्या जरा आधी पिटाचं मागचं दार करकरल्याचं मी ऐकलं होतं. म्हणजे बदलीवाले बाहेर गेले होते.

बाहेर आल्यावर बाकीच्या दोघी शेंगावाल्याकडे वळल्या. मी तडक रेवप्पाला गाठलं. "लाज वाटते का तुम्हाला? बायकांच्या तोंडावर बॅटरी मारता? तुमच्यासारख्या माणसाला दारात उभं करण्यापेक्षा इथे कुत्रं बांधावं मॅनेजरने." तो खाली बघून फाटलेल्या तिकिटांचे तुकडे गोळा करत होता. एरवी एकाला दोन सुनावणारा माणूस. मला आणखी चेव आला.

अंबूने माझा दंड धरला. "बाई, त्यास्नी बोलू नका. मीच सांगितलंतं त्यास्नी."

"काय सांगितलं होतंस?"

"मला ठावं हाय त्ये आमच्या ह्यास्नी कळू देऊ नका म्हणून. हे खाली बसले व्हते त्ये तुमास्नी दिसू नये, अन् मी वर हाय त्ये ह्यास्नी दिसू नये म्हणून रेवप्पांनी दिवे लावलं न्हाईत."

मग त्या पायरीवर, हलक्या आवाजात, तिने सगळं सांगितलं. मागावर काम करणारा माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांत, कानांत कापसाचा तूस अडकलेला असतो. लग्न झाल्यापासून सिद्राम अंघोळीला बसण्याआधी ती तो तूस वेचून काढायची. "दिवाळीपास्नं त्यांच्या डोस्क्यात तूस न्हाई बाई. मला काय कळत न्हाई व्हय? पर मी बोलले न्हाई. मला कळलंय ह्ये त्यास्नी कळलं असतं, तर त्ये घरात ऱ्हायले नसते." ते इथे बसतात, हे तिला कुणाकडून तरी समजलं. तेव्हा ती एकटी रेवप्पाकडे गेली होती. त्यांना उन्हात हिंडू देऊ नका म्हणाली, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना सांगू नका म्हणाली.

"मग आज आलीस कशाला? एवढा धोका पत्करून?"

अंबूने पिटाच्या मागच्या दाराकडे बघितलं. "डबा रोज रिकामा येतोय. पर कोण खातंय काय ठावं? एकदा त्यांच्या आईच्या दुखण्यात त्यांनी डबा कुत्र्याला टाकलाता, म्हैनाभर. मला निस्तं बघायचं व्हतं." मग म्हणाली, "दिसलं न्हाई. पर ऐकू आलं की. जेवत्यात."

मला एकदम रडू आलं. आतल्या अडीच तासांत एकदाही आलं नव्हतं. मी रेवप्पाकडे बघितलं. ज्याच्या पोटात कसला शेवट टिकत नाही असं सगळं गाव म्हणत होतं, त्या माणसाने नवऱ्याचं बायकोपासून आणि बायकोचं नवऱ्यापासून, दोघांचंही, चार महिने पोटात ठेवलं होतं. तो मात्र माझी नजर चुकवून सायकलवाल्या पोरांवर खेकसायला निघून गेला.

उन्हाळा सुरू व्हायच्या आत सिद्रामला इचलकरंजीला पॉवरलूमवर काम मिळालं. त्याच्या मावसभावाने बोलावून घेतलं. गल्लीत टांगा उभा राहिला, ट्रंक चढली. अंबूने मोठ्या माणसांच्या पाया पडता पडता समोरच्या ओट्यापाशी जाऊन रेवप्पाच्याही पायांवर डोकं ठेवलं. जरा जास्तच वेळ ठेवलं.

सिद्राम टांग्यातून म्हणाला, "अगं, त्येच्या काय पाया पडतीस? त्येच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

"व्हय, न्हाईच भिजत," रेवप्पा म्हणाला. "चल बे, बस टांग्यात. गाडी चुकंल."

सिद्रामला शेवटपर्यंत काही कळलं नाही. बाकीचे बदलीवालेही हळूहळू पांगले. कुणी भिवंडीला गेले, कुणी गावाकडे शेळ्या राखायला. बाराच्या खेळाचं पिट आता खरोखरच रिकामं झालं.

त्यानंतरच्या एका सुट्टीच्या दुपारी मी जेवायला बसणार, तोच ओट्यावर खाकरणं ऐकू आलं. रेवप्पा उभा होता. हातात ताट, त्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं.

"काय रेवप्पा? आता कुठला शेवट सांगायला आलात?" माझी जीभ सवयीने चालली.

"काय न्हाई. जरा हितं बसून खातो. तुमी तुमचं काम करा."

"का? तुमच्या घराला काय झालं?"

तो ताटाकडे बघत म्हणाला, "कारभारीण गेल्यापास्नं घरात घास उतरत न्हाई बगा. वर्सं झाली. निस्ता चहावर असायचो. ह्ये बदलीवाले यायला लागले, तवा एक दिस मी बी भाकरी घेऊन त्यांच्यात जाऊन बसलो. कोण कुणाशी बोलत नव्हतं. अंधारात सगळे आपापलं खायाचे. पर मानसं हाईत बाजूला, एवडं कळायचं की." मग म्हणाला, "लोकांस्नी वाटतंय, मी त्यांच्यावर उपकार केले. माझीच सोय व्हती बाई."

मला त्याची फार दया आली. पण ती माझ्या तोंडावर दिसली असती तर तो ताट उचलून चालता झाला असता, इतकं मला एव्हाना कळत होतं.

"ताट खाली ठेवू नका, मुंग्या आहेत," मी ओरडले. "हा पाट घ्या. आणि सिनेमाचा एक शब्द काढलात तर हाकलून देईन."

"न्हाई काढत," तो म्हणाला आणि पाटावर बसला.

मी आत गेले, माझं वाढलेलं ताट उचललं आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, त्याला दिसेल अशी, जेवायला बसले.